आहारातील स्निग्धांश आणि यकृताचे विकार

यकृत हे शरीराचे कोठारही आहे आणि कारखानाही. अन्नातून आलेल्या स्निग्ध पदार्थांची व्यवस्था ते लावते आणि पोटात गेलेल्या मद्याचे विघटनही मुख्यत्वे तेथेच होते. ही दोन्ही कामे एकाच वेळी अंगावर पडली म्हणजे यकृताची काय अवस्था होते, याचा शोध शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतील उंदरांच्या साहाय्याने घेतला.

हे काम सोपे नव्हते. उंदराला मद्याची उपजतच नावड असते. पिण्याच्या पाण्यात मद्य मिसळले तर तो पाणीच कमी पितो आणि यकृतास इजा होण्याइतके मद्य त्याच्या पोटात जात नाही. मद्यपी माणसाचे यकृत बिघडते ते मद्याने नव्हे, तर निकृष्ट आहाराने, असे मत त्यामुळे दीर्घकाळ प्रचलित राहिले.

१९६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क येथे चार्ल्स लीबर आणि लिओनोर डीकार्ली यांनी या अडचणीतून मार्ग काढला. त्यांनी उंदरांसाठी संपूर्ण द्रवरूप आहार तयार केला. त्यातील ३६ टक्के उष्मांक मद्याचे, ३५ टक्के स्निग्ध पदार्थांचे व १८ टक्के प्रथिनांचे होते. दुसरे अन्न वा पाणी दिले जात नसे. जोडीच्या उंदरास मद्याऐवजी तितक्याच उष्मांकाची कर्बोदके मिळत. पोषण दोघांचेही पुरेसे होते; तथापि मद्य घेणाऱ्या उंदराच्याच यकृतात चरबी साठली. मद्याचा दोष अशा रीतीने सिद्ध झाला. पुढे असेही आढळले की, आहारातील स्निग्धांश ३५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणल्यास हा साठा बराच घटतो.

प्रमाणानंतर प्रकाराचा विचार झाला. १९८० नंतरच्या दशकात त्सुकामोटो, फ्रेंच आदी संशोधकांनी नळीवाटे थेट जठरात मद्य व आहार पोहोचविण्याची पद्धती रूढ केली. १९८९ साली नानजी व फ्रेंच यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष अनपेक्षित होते. मद्यासोबत मक्याचे तेल दिलेल्या उंदरांच्या यकृताला तीव्र इजा झाली, डुकराची चरबी दिलेल्यांना त्याहून कमी, आणि गाईबैलांची चरबी दिलेले उंदीर जवळजवळ सुरक्षित राहिले. या तिन्हींतील भेद लिनोलिइक आम्लाचा होता. मक्याच्या तेलात ते निम्म्याहून अधिक असते. त्या प्रयोगांतील डुकराच्या चरबीत ते सुमारे २.५ टक्के आणि गाईबैलांच्या चरबीत अवघे ०.७ टक्के होते. मद्याच्या विघटनात यकृतामध्ये अतिक्रियाशील ऑक्सिजनयुक्त द्रव्ये निर्माण होतात. असंपृक्त स्निग्धाम्लांच्या रेणूतील दुहेरी बंध त्यांच्या माऱ्याला सहज बळी पडतात, आणि त्यातून पेशींची आवरणे दुखावतात, असा या घटनेचा एक उलगडा केला जातो.

मग संपृक्त चरबी खाऊन मद्य घेतले तर चालेल काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. पिंजऱ्यातील उंदराचा ठरावीक आहार आणि माणसाचे वर्षानुवर्षांचे खाणेपिणे यांत मोठे अंतर आहे. शिवाय मद्य बाजूला ठेवले की चित्र पालटते. २०१४ साली स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी ३९ तरुण स्त्रीपुरुषांना सात आठवडे नेहमीच्या आहाराखेरीज गोड पाव खाऊ घातले; काहींचे पाव पामतेलाचे, तर काहींचे सूर्यफुलाच्या तेलाचे होते. वजन दोन्ही गटांत सारखेच वाढले. परंतु यकृतातील चरबी संपृक्त स्निग्धांश असलेल्या पामतेलाच्या गटात अधिक वाढली.

एका परिस्थितीत तारणारा पदार्थ दुसऱ्या परिस्थितीत मारक ठरू शकतो, हा या संशोधनाचा खरा धडा होय. प्राण्यांवरील प्रयोग रोगाची वाट दाखवितात. माणसाच्या ताटातील पदार्थ ते परस्पर ठरवून देत नाहीत. केवळ चरबी साठलेले यकृत मद्य वर्ज्य केल्यास बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होते. सूत्रण रोगाने तेथे घट्ट व्रण पडल्यावर मात्र ती संधी फारशी उरत नाही. म्हणून कोणते तेल घ्यावे, या प्रश्नापूर्वी मद्यपी माणसाने प्याला खाली ठेवणे, हाच त्याच्या यकृताचा पहिला उपचार आहे.