सावळ्या चेहऱ्यावरचे मुरुम

उल्हासनगरचा कॅम्प तीन असो, अंबरनाथचा स्टेशन रस्ता असो की बदलापूरचे नवे गृहसंकुल, मेडिकलच्या काउंटरवर मुरुमांसाठी काहीतरी द्या म्हणणारी तरुण मुले-मुली सगळीकडे असतात. त्यांचे गाऱ्हाणे नीट ऐकले तर ते मुरुमांपेक्षा मागे राहणाऱ्या काळ्या डागांचे असते, आणि ते रास्तच आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी थोड्याशा दाहानेही चेतवल्या जातात आणि जादा मेलॅनिन तयार करतात. मुरुम आठवड्याभरात बसतो, डाग मात्र महिनोन् महिने हलत नाही. गोऱ्या कातडीवर अशा वेळी बहुधा लालसर खूणच उरते. म्हणून सावळ्या त्वचेवर मुरुमांचा उपचार करायचा तो लवकर सुरू करून, पण त्वचेची जळजळ होऊ न देता. उजळण्याच्या घाईत आपण नेमके याच्या उलट करतो. लिंबू चोळणे, टूथपेस्ट लावणे, खसाखसा घासणे, नखाने फोडणे, हे सगळे दाह वाढवणारे आणि म्हणूनच डाग वाढवणारे प्रकार आहेत.

त्याहून मोठा धोका ट्यूबमध्ये असतो. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे तिहेरी मलम डॉक्टर वांगासाठी, तेही थोड्या मुदतीपुरते देतात. आपल्याकडे ते गोरेपणाचे क्रीम म्हणून चेहऱ्याला फासले जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या निरनिराळ्या त्वचारोग विभागांतले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते आणि त्या ४३३ पैकी निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवले होते. सर्वांत जास्त आढळलेला अपाय कोणता, तर मुरुम वाढणे! २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने मलमांतली चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे ठरवले. नियम झाला, पण काउंटरवरची सवय कागदाने मोडत नाही.

यावर कोणी म्हणेल, मला तर त्याच क्रीमने गुण आला. येतोच. स्टेरॉइड सूज दाबते, रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे चेहरा चार दिवसांत नितळ आणि उजळ दिसतो. लावायचे थांबवले की लाली, आग आणि पुरळ दुप्पट जोराने परततात, माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो, आणि मधल्या काळात कातडी पातळ होत जाते. दुसरा आक्षेप खर्चाचा. खासगी त्वचातज्ज्ञाची फी सगळ्यांना झेपत नाही, हे खरेच आहे. पण इथून लोकलने जाता येईल अशा मुंबईच्या शीव रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, आणि मुरुमांची मूळ औषधे फार महागडीही नाहीत. अडीच टक्क्यांचे बेंझॉइल पेरॉक्साइड दाहक मुरुमांवर दहा टक्क्यांइतकेच काम करते आणि आग कमी करते. फक्त उशीच्या अभ्र्याचा रंग उडवते. अडापलीन रात्री, वाटाण्याएवढे, सुरुवातीला एक दिवसाआड लावावे. गरोदरपणात मात्र ते टाळावे. अझेलिक ॲसिड मुरुम आणि डाग दोन्हींवर चालते. यातल्या कशाचाही परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि बहुतेकांचा धीर त्याआधीच सुटतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत यंत्राच्या तेलात काम करणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. मांड्यांवर, हातांवर पुटकुळ्या येत असतील तर आधी तेलाने भिजलेले कपडे रोज बदलायला हवेत, क्रीम नंतर.

काळ्या माणसाला सनस्क्रीन कशाला, हा प्रश्नही हमखास येतो. मेलॅनिन उन्हाच्या जळण्यापासून बरेच वाचवते, डागांपासून नाही. उलट सावळ्या त्वचेवरचे डाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात. म्हणून लोहाचे ऑक्साइड असलेले, रंगाची छटा असलेले सनस्क्रीन अशा वेळी साध्यापेक्षा सरस ठरते. आणि घरातल्या ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादे नाव असेल व ती महिनोन् महिने चेहऱ्याला लागत असेल, तर एकदम बंद करून नंतरच्या आगीने घाबरून परत त्याच ट्यूबकडे वळू नका. ट्यूब बरोबर घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. ती कशी सोडवायची ते त्यांना ठरवू द्या.