टेमघरचं पाणी, ग्लायसीन आणि ओटी टेस्टचा पिवळा रंग

आजचा विषय आहे ग्लायसीन, म्हणजे सगळ्यात साधं अमिनो आम्ल. पण सुरुवात करूया भिवंडीच्या टेमघरपासून. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी ‘स्टेम’च्या टेमघर केंद्रात शुद्ध होतं आणि भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदरला जातं. कुठल्याही अशा केंद्रात जंतू मारायला क्लोरीन लागतं. आणि ग्लायसीन नेमकं या क्लोरीनच्या आड येतं.

आधी त्याची ओळख. १८२० साली ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं जिलेटिन सल्फ्युरिक आम्लात उकळून ते मिळवलं. चवीला गोड, म्हणून नावही ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं. रेणू अगदी छोटा, रेणुभार फक्त ७५. मधल्या कार्बनला एकीकडे अमिनो गट, दुसरीकडे कार्बोक्सिल गट आणि उरलेल्या दोन जागी हायड्रोजन. पाण्यात अमिनो टोकावर धन प्रभार असतो, कार्बोक्सिलवर ऋण. त्यामुळे ते चटकन विरघळतं : २५ अंश सेल्सियसला १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २५ ग्रॅम!

आता नदीत पालापाचोळा, शेवाळ, सांडपाणी कुजलं की प्रथिनं तुटतात आणि अशी अमिनो आम्लं पाण्यात येतात. तुरटीनं गाळ खाली बसतो, वाळूत गढूळपणा अडकतो, पण विरघळलेला इतका लहान रेणू बराचसा निसटतो. पुढे क्लोरीन भेटलं, की ते अमिनो गटातल्या नायट्रोजनला जाऊन चिकटतं. तयार होतं एन-क्लोरोग्लायसीन. यात क्लोरीन आहे खरं, पण बांधलेलं. जंतू मारायची ताकद फारच कमी.

गंमत म्हणजे आपल्या ओटी टेस्टमध्ये मोकळं आणि बांधलेलं, दोन्ही क्लोरीन पिवळा रंग देतात. फरक वेळेचा. मोकळ्या क्लोरीनचा रंग लगेच, पाच-दहा सेकंदांत येतो. बांधलेल्याचा हळूहळू गडद होत जातो. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात मोकळं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं.

म्हणून सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत टेस्ट कराल, तेव्हा रंग लगेच वाचा. पाच मिनिटांनी बघून ‘झालं, क्लोरीन आहे’ म्हणू नका. रंग उशिरा चढत असेल तर पाणीपुरवठा विभागाला कळवा आणि पाणी उकळून प्या. तपासलेलं पाणी मात्र फेकूनच द्या, ते औषध पोटात जायला नको.

भेटूया पुढच्या भागात.