मुलांच्या वहीतले जलचक्र आणि मुल्लानपूरचे पाणी
(गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी शिक्षक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो. पूल आणि मोऱ्या पाहणे हे माझे काम. तरीही मुलांच्या रविवारच्या चित्रकला वर्गात 'जलचक्र' घ्या, असे मंडळाने सांगितले आणि मी होकार दिला. त्यात जे पाहिले ते आपल्यापुढे मांडतो.

तिसरी-चौथीच्या मुलांना "पाणी कुठून येते, कुठे जाते ते काढा" एवढेच सांगितले. सगळी चित्रे जवळजवळ सारखी आली. कोपऱ्यात सूर्य, दोन त्रिकोणी डोंगर, मधून नदी, खाली निळा समुद्र आणि गोल फिरणारे बाण. पुस्तकातले चित्र मुलांनी चक्क पाठ केले होते! इथून समुद्र जवळजवळ हजार किलोमीटर. कित्येकांनी तो फक्त आजोळी गेल्यावर पाहिलेला.

म्हणून पुढच्या रविवारी पालकांसह मुलांना 'पटियाला की राव' दाखवायला नेले. राव म्हणजे शिवालिकच्या टेकड्यांतून उतरणारा पावसाळी ओढा. एरवी नुसती वाळू. "पाणीच नाही, मग पूल एवढा मोठा कशाला?" असे एका मुलीने विचारले. मला फार आनंद झाला. पूल बांधताना रोजचे पाणी धरत नाहीत, मोठ्या पुराचे धरतात. आमच्या रेल्वेच्या पुलांच्या खांबांवर पुराच्या सर्वोच्च पातळीची खूण रंगवलेली असते. तिने वहीच्या पानाचे दोन भाग केले, एकात जेठ, एकात श्रावण. श्रावणातले पाणी मातकट रंगवले, तेही बरोबरच. शिवालिकची माती भुसभुशीत. 1958 साली सुखना चो अडवून चंदीगडचा सुखना तलाव केला, तेव्हापासून त्यात हाच गाळ येऊन साचत आला आहे.

खरी अडचण पुढे आली. ही राव जाते घग्गरला आणि घग्गर राजस्थानच्या वाळवंटात विरून जाते, समुद्राला मिळत नाही. "मग काका, बाण कुठे न्यायचा?" मी उत्तर दिले नाही. कडुनिंबाच्या एका फांदीला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी बांधून उन्हात ठेवली. दोन तासांत आतून थेंब जमले. मग मुलांनीच बाण शेतातल्या पिकांतून आणि ओल्या वाळूतून वर आकाशाकडे काढले. चक्र पुरे व्हायला समुद्र लागतोच असे नाही, हे पोरांना व्याख्येशिवाय समजले.

जमिनीखालचे पाणी मात्र एकानेही काढले नव्हते. यात आपलीच मुले मागे आहेत असे नव्हे. इस्रायलमध्ये दोन संशोधकांनी माध्यमिक शाळेतल्या मुलांचा असाच अभ्यास केला (2005), तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांना भूजलाचे भाग ओळखता आले नव्हते. पण आपण राहतो पंजाबात. इथे भाताला ट्यूबवेलचे पाणी लागते आणि पातळी इतकी खाली चालली की ठरावीक तारखेआधी लावणी करू नये, असा कायदा राज्याला 2009 साली करावा लागला. पाऊस येण्याआधीच्या कडक उन्हात भरलेल्या खाचरातले पाणी वाफ होऊन जाते, म्हणून ही बंदी. मुलांना हे सांगितले, तेव्हा एकाने जमिनीची रेघ पानाच्या तळातून उचलून थेट मध्यावर आणली आणि खाली लांबच लांब पाइप काढला. माझ्या मते त्या दिवसाचे सर्वांत चांगले चित्र तेच. सूर्याला जागा उरली नाही, तो त्याने मागच्या पानावर काढला!

पालकांना विनंती एवढीच की घरी हे करताना पुस्तकातले चित्र आधी दाखवू नका. आपल्या गच्चीवरचे पाणी पन्हाळीतून कुठे जाते, तिथून सुरुवात करू द्या. आणि खडूच्या पेटीत तपकिरी खडू दोन ठेवा, आमच्या वर्गात तोच आधी संपला.