गच्चीवरचा हॅलोजन
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



गेल्या सप्टेंबरात मुलाकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा त्याने आम्हाला डार्टमूरला नेलं. उघडा, वाऱ्याचा माळ. वाटाड्याबरोबर मेरिव्हेलपर्यंत चालत गेलो. तिथे ठेंगण्या दगडांच्या लांबच लांब जोड-ओळी आहेत. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी, कांस्ययुगात, माणसांनी उभ्या केलेल्या. कशासाठी, हे आजही कोणी नक्की सांगू शकत नाही. दगड ग्रॅनाइटचा, जवळपास २८ कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण त्यापुढे लहान, साडेसहा कोटींचा!

अंधार पडल्यावर वाटाड्याने सगळ्यांच्या बॅटऱ्या बंद करायला लावल्या. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मग डोक्यावर आकाशगंगा दिसली. नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या गच्चीवरून हे का नाही दिसत?"

मी गप्प. कारण गच्चीवरचा हॅलोजन मी सेक्रेटरी असतानाच बसला. चोरी झाली होती, ठराव मीच मांडला होता. तो आजही रात्रभर जळतो.

तेव्हा या रौप्यमहोत्सवात माझी एकच विनंती आहे. महिन्यातून एकदा, अमावास्येला, तासभर तो बंद ठेवू. जिन्यातले आणि गेटवरचे दिवे राहू द्या. शहरात आकाशगंगा दिसणार नाही, मान्य. पण थंडीत मृग नक्षत्र नक्की दिसेल. पोरांना दाखवायला मी वर येईन. गुडघे कुरकुरले तरी येईन. ठराव मीच मांडतो, अनुमोदन तेवढं तुम्ही द्या.