पाच वर्षं म्हणजे नक्की किती?

चाकणच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमध्ये अडकला असाल, तर हा भाग तेवढ्यात ऐकून होईल. प्रश्न साधा आहे: महापालिकेची निवडणूक कधी घ्यायची, हे ठरवतं कोण?

उत्तर संविधानात आहे. पिंपरी-चिंचवड महापालिका झाली १९८२ ला आणि पहिली निवडणूक झाली १९८६ ला. तेव्हा राज्य सरकारने निवडणूक लांबवली तर विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून ७४वी घटनादुरुस्ती आली, १ जून १९९३ पासून लागू. तिने दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, पालिकेची मुदत पाच वर्षं, त्यापुढे एक दिवसही नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक. दोन, ती घेणार स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग.

आता आपलं बघा. महापालिकेची मुदत संपली १३ मार्च २०२२ ला. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली तीन वर्षं दहा महिने प्रशासक. दिवसाआड पाणी येतंय, पण जाब विचारायला नगरसेवकच नाही. बजेट मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच!

हे झालं कसं? ओबीसी आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात होता, हे खरं. पण दुसरं कारणही बघा. संविधानाने तारीख पक्की केली, पण प्रभागाचे नियम राज्याच्या कायद्यावर सोडले. २०१७ ला चार सदस्यांचा प्रभाग होता. मग सरकार बदललं, आधी एक सदस्य ठरला, नंतर तीन. आपल्या नगरसेवकांची संख्या १२८ वरून १३९ झाली. मार्च २०२२ मध्ये, मुदत संपत असतानाच, प्रभागरचनेचा अधिकार सरकारने आयोगाकडून स्वतःकडे घेतला. पुन्हा सरकार बदललं आणि ऑगस्टमध्ये परत चार सदस्य, परत १२८. रचना बदलली की नकाशे, हरकती, सुनावण्या सगळं पहिल्यापासून, आणि वर कोर्टकचेरी. शेवटी ६ मे २०२५ ला कोर्टानेच निवडणुका घ्या म्हणून बजावलं, आणि मुदत वाढवून ३१ जानेवारी २०२६ पर्यंत दिली.

आमच्या भाषेत सांगायचं तर डेडलाइन फिक्स आहे, पण रिक्वायरमेंट रिलीजच्या आदल्या दिवशीही बदलता येते. असा प्रोजेक्ट वेळेवर जाईल का?

माझं म्हणणं एवढंच. मुदतीच्या शेवटच्या वर्षात प्रभागाचे नियम बदलायचे नाहीत, आणि रचना आयोगानेच करायची. विधानसभा हा कायदा उद्याही करू शकते. पण साध्या बहुमताने केलेलं साध्या बहुमताने पुसताही येतं. म्हणून हे संविधानातच, त्या पाच वर्षांच्या शेजारी लिहिलेलं हवं.

पुढची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. तुमच्या प्रभागात आता चार नगरसेवक आहेत. भेटले की हा प्रश्न चौघांनाही विचारा: २०३१ ला वेळेवर मतदान होण्यासाठी तुमचा पक्ष काय करणार?