सामरी, हस्तर आणि बोहाड्याचं सोंग



भुताचा चांगला सिनेमा कोणता, असं मला कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो : एकटे बघणार आहात की घरदार गोळा करून? घरदार असेल, पोरंटोरं असतील, शेजारपाजारचे चार जण येणार असतील, तर मी बेधडक रामसे बंधूंचं नाव घेतो. जाणकार नाकं मुरडतात. मुरडू देत.

या रामसेंची गोष्ट रेडिओवरून सांगण्यासारखीच आहे, कारण ती रेडिओच्या दुकानात सुरू होते. फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना ते आडनाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याचं ‘रामसे’ करून टाकलं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं आणि सिनेमाच्या धंद्यात पडलं. १९७० साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला. तो आपटला. पण त्यातल्या चोरीच्या एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून येतात, आणि तेवढ्या प्रसंगासाठी लोक पुन्हा पुन्हा येतात, हे घरातल्या पोरांनी हेरलं. सात भाऊ! एकानं लिहायचं, एकानं कॅमेरा धरायचा, एकानं आवाज सांभाळायचा, एकानं संकलन करायचं, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन करायचं. सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला गेलं, युनिटच्या स्वयंपाकाचं घरच्या बायकांनी पाहिलं, आणि १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ पडद्यावर आला.

त्यांचा माझा सगळ्यात लाडका सिनेमा म्हणजे १९८४ चा ‘पुराना मंदिर’. सामरी नावाचा सैतान, त्याचं मुंडकं एका पेटीत आणि धड दुसरीकडे पुरलेलं, दोनशे वर्षं. पेटी उघडू नका असं म्हटलं की ती उघडणारच, हे पहिल्या रिळालाच कळतं. सामरी झालेला अजय अगरवाल उंच, हाडापेरानं दणकट, आणि त्याचा चेहरा रंगरंगोटीआधीच अर्धं काम करून गेलेला. मध्येच जगदीप येतो आणि ‘शोले’ची चक्क नक्कल करून जातो, मुख्य गोष्टीशी तिचा काडीचा संबंध नाही. हिरवे-निळे दिवे, धूर, नको तेव्हा गाणं. गणपतीत व्हिडिओ भाड्यानं आणून रात्र रात्र जागवणाऱ्या पिढीला मी काय म्हणतोय ते कळेल. सामरी दिसला की सगळे एका सुरात ओरडायचे, आणि लगेच सगळे हसायचे.

हा आनंद आम्हा पोशेरा, मोखाडा, जव्हारकडच्यांना सिनेमानं शिकवलेला नाही. तो बोहाड्यातला आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या भागातल्या गावांत रात्री सोंगं निघतात. आधी गणपती, मग सरस्वती, पुढे एकेक देव, एकेक राक्षस. मुखवटा जड, टेंभ्याचा उजेड हलता, सांबळाचा ठेका अंगात भिनणारा. रावणाच्या मुखवट्याखाली कोण आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं; दुपारीच तो कुणाच्या तरी ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. तरीही ते तोंड आपल्याकडे वळलं की पुढं बसलेली पोरं किंचाळत आयांच्या पदराखाली शिरतात, आणि क्षणात पुन्हा डोकं बाहेर काढून बघतात. शेवटी देवी येते, महिषासुर मरतो, आणि लोक झोपाळलेल्या डोळ्यांनी घरी जातात. मुखवटा मुखवटा म्हणूनच नाचतो. त्याच्यामागचा माणूस लपवण्याची कुणाला गरज वाटत नाही. रामसेंचा सामरी मला त्याच जातीचा वाटतो. आणि महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ही. १९९३ साली रामदास पाध्यांनी चालता-बोलता केलेला तो तात्या विंचू नावाचा बाहुला बघताना पोरं लक्ष्यावर, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेवर, पोट धरून हसली, आणि घरी आल्यावर कित्येकांनी आपापला बाहुला कपाटात बंद करून टाकला.

मला खरोखर नकोसा वाटतो तो वेगळाच प्रकार. सगळं सामसूम, दार किंचित करकरतं, आणि एकदम कानठळ्या बसवणारा आवाज. अहो, अंधारात मागून येऊन कुणीही ‘भों’ केलं तरी माणूस दचकतो! त्यासाठी तिकीट कशाला काढायचं? या सिनेमांना सोंगाची मजा देता येत नाही आणि भीतीही नाही, कारण त्यांचं भूत कुठलाच नियम पाळत नाही. त्याला वाटेल तेव्हा ते भिंतीतून येतं आणि कथा संपवायची झाली की मंत्रानं जातं.

याउलट राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये, २०१८ च्या, हस्तर नावाच्या राक्षसाचे नियम लहान मुलालाही सांगता येतील. त्याला कणकेची बाहुली दाखवायची. तो ती खात असतो तेवढ्यात त्याच्या लंगोटातली सोन्याची नाणी काढायची. कणकेच्या रिंगणात राहायचं. त्यानं धरलं, तर नुसतं सडत राहायचं, मरणही येत नाही. बस, एवढंच. सिनेमा संपेपर्यंत यातला एकही नियम कुणी बदलत नाही. विनायकराव आणि त्याचा पोरगा फक्त हिशेब करतात : एका बाहुलीला एवढी नाणी, तर पुष्कळ बाहुल्यांना किती? त्यापुढे काय होतं ते न पाहिलेल्यांसाठी सांगत नाही. पण तो हिशेब ऐकताना आपलंही बोट आपोआप दुमडायला लागतं, हे मात्र सांगतो. ‘पुराना मंदिर’ची पेटी उघडते ती लेखकाला पुढं जायचंय म्हणून. ‘तुंबाड’चं दार उघडतं ते आपल्याला आत जायचं असतं म्हणून.

आणखी एक. हस्तरला देवांनी सोनं घेऊ दिलं, धान्य घेऊ दिलं नाही. तो जन्माचा उपाशी आहे. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत पोरं कुपोषणानं दगावली आणि आमच्या भागाचं नाव राज्यभर झालं. उपाशी तोंडापुढे मूठभर पीठ धरून त्याच्या कमरेचं ओरबाडायचं, हे आमच्याकडच्या माणसाला बघवत नाही. मी तर पार हस्तरच्या बाजूचा झालो होतो.

विशाल फुरियांचा ‘लपाछपी’, २०१७ चा, त्यात तर काळोखाचाही आधार घेतलेला नाही. भर उन्हात उभा ऊस, आणि गर्भारशीची काळजी घेणाऱ्या बाई. उषा नाईक त्या बाईंचं काम करतात. जेवू घालतात, हवं-नको बघतात, आणि त्यांच्या मायेनंच अंगावर काटा येतो, कारण त्या घराला मुलगी नको आहे हे आपल्याला हळूहळू उमगत जातं. पुढे २०२१ मध्ये याच दिग्दर्शकानं तो ‘छोरी’ म्हणून हिंदीत केला. मला मराठीतलाच जास्त लागला.

आता माझ्या आवडीला मी एक कुंपण घातलंय, ते सांगतो. पिकल्या केसांची, एकटी राहणारी म्हातारी चेटकीण निघते आणि भगत येऊन सगळ्यांना वाचवतो, असला सिनेमा कितीही गमतीचा असो, मला हसता येत नाही. पाड्यावर पोर आजारी पडलं की कुणा बाईला भुताळी ठरवण्याचे प्रकार आपल्या राज्यात कथेपुरते राहिलेले नाहीत. २०१३ मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नाही. सामरी कुणाच्या शेजारी राहत नाही. म्हातारी राहते. रामसेंच्या १९८८ च्या ‘वीराना’चं लोक भरभरून कौतुक करतात, पण त्यातल्या चेटकिणीशी माझं कधी जमलं नाही ते यामुळेच.

बाकी लोकांचं म्हणाल तर ‘तुंबाड’ पहिल्यांदा आला तेव्हा फार कुणी फिरकलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात लावला, तर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमला. मी मात्र तेव्हा गेलो नाही. चांगला आहे हे मान्य, पण पुन्हा हस्तरच्या त्या विहिरीत उतरायला मन घेत नाही. ‘पुराना मंदिर’ कुणी कुठूनही लावावा, अर्ध्यातून लावावा, मी जागा धरून बसतो.