शिबंदी गेली, उपासना राहिली

मुंबई-गोवा रस्त्यानें नागोठणें मागें टाकून कोलाडकडे निघालें, कीं रोहें तालुक्यांतील खांब हें गांव लागतें. गांवाच्या पाठीशीं सूरगड उभा आहे. गडावर आतां शिबंदी नाहीं, किल्लेदार नाहीं, नौबत नाहीं. ढासळलेला तट आणि पाण्याचीं टाकीं तेवढीं शिल्लक आहेत. महाराष्ट्रांतील बहुतेक गडांची हीच अवस्था. तथापि त्यांतल्या पुष्कळ ठिकाणीं एक गोष्ट दृष्टीस पडते. ज्यांच्यासाठीं गड बांधला ते केव्हांच गेले. पण गडावरच्या देवीला पायथ्याच्या वाडीवरील गुराखी अजून फूल वाहतो. राज्याचें काम संपलें, उपासकाचें संपलें नाहीं.

शिबंदी उठून गेल्यावर देवळाचें काय होतें, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या एका धर्मसंस्थेला लावून पाहण्याजोगा आहे. ती संस्था म्हणजे इंग्लंडच्या राजधर्माची अँग्लिकन मंडळी. तिचा ऱ्हास झाला असें सर्रास म्हटलें जातें. पण ऱ्हास नेमका कशाचा झाला, हें फारसें कोणी विचारीत नाहीं.

खांबहून पोटासाठीं मुंबईस गेलेला चाकरमानी ‘चर्चगेट’ हें नांव दिवसांतून अनेकदां उच्चारतो. तेथें चर्च कोठलें आणि गेट कोठलें, हें मनांत आणण्याचें त्याला कारण पडत नाहीं. चर्च तें सेंट टॉमसचें. गव्हर्नर ऑंजिअर यानें सतराव्या शतकांत त्याचा संकल्प केला. भिंती अर्धवट उभ्या राहिल्या आणि सुमारें चाळीस वर्षें तशाच राहिल्या. पुढें रिचर्ड कॉब या पाद्र्यानें कंपनीच्या लोकांना टोंचून टोंचून पैसा उभा केला, आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशीं दार उघडलें. १८३७ सालीं टॉमस कार हे मुंबईचे पहिले बिशप झाले व हें चर्च त्यांचें कॅथीड्रल ठरलें. कोटाच्या ज्या दरवाजाला या चर्चवरून नांव पडलें, तो १८६० नंतरच्या दशकांत तटाबरोबर पाडला गेला. वेस गेली, नांव मात्र आगगाडीच्या स्टेशनाला चिकटून राहिलें. कॅथीड्रलच्या आंत भिंतीभर संगमरवरी स्मारकें आहेत. तीं वाचीत फिरणाऱ्यास आपण देवाच्या घरांत आहों कीं कंपनीच्या दप्तरांत, असा क्षणभर भ्रम झाला तर नवल नाहीं.

तेथून दक्षिणेस कुलाबा. ज्या जिल्ह्यांत खांब येतें, त्याचेंही नांव १९८१ पर्यंत कुलाबाच होतें. तें अलिबागच्या जलदुर्गावरून पडलेलें, हें मुंबईचें बेट निराळें. या मुंबईच्या कुलाब्यास १८५८ सालीं संत योहानाचें चर्च प्रतिष्ठित झालें. लोक त्यास ‘अफगाण चर्च’ म्हणतात, कारण १८३८ ते १८४२ च्या अफगाण युद्धांत व त्यानंतरच्या सिंधच्या मोहिमेंत पडलेल्यांचें तें स्मारक आहे. सुमारें दोनशें फूट उंचीचा त्याचा मनोरा समुद्रावरून दिसे. आंतील बांकांना बंदुका टेकविण्यासाठीं खांचा आहेत. प्रार्थनेस गुडघे टेकतांना हाताशीं बंदूक लागे, यावरून त्या उपासनेची जात कळते. पाद्री सरकारचे नोकर, त्यांचा पगार सरकारी तिजोरींतून. १९३० सालीं कायद्यानें हिंदुस्थानांतील मंडळी इंग्लंडच्या मंडळीपासून स्वतंत्र झाली खरी. पण कँटोनमेंटांतील बांकें भरत होतीं तीं पलटणींनींच. २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं शेवटची ब्रिटिश पलटण गेट वे ऑफ इंडियाखालून जहाजावर चढली, आणि त्या बांकांचा मूळ धनी निघून गेला. माथेरानचें सेंट पॉल चर्च काय किंवा इतर थंड हवेच्या ठिकाणचीं चर्चें काय, साहेबाच्या उन्हाळ्यासाठीं बांधलेल्या वास्तूंची गत याहून वेगळी होण्याचें कारण नव्हतें. याला ऱ्हास म्हणावयाचें तर म्हणावें. खरें पाहतां ती केवळ बदली होती.

पुण्यास मात्र हीच मंडळी निराळ्या वेषांत आली. गुरुवार पेठेंत पांच हौदांशेजारीं काऊली येथील मठवासी पाद्र्यांनीं आपलें ठाणें केलें. १८७७ सालीं वाँटेजच्या भगिनी आल्या. १८८५ सालचें ‘होली नेम’ चर्च तेथेंच आहे. ही वस्ती कँटोनमेंटांत नव्हती, पेठेंत होती, आणि सर्व फरक एवढ्या एका गोष्टींत आहे. येथें नीळकंठशास्त्री गोरे वावरले. काशींत वाढलेला हा कोंकणस्थ ब्राह्मण ख्रिस्ती मत खोडून काढण्यास निघाला आणि १८४८ सालीं स्वतःच बाप्तिस्मा घेऊन बसला. येथेंच १८९० च्या ऑक्टोबरांत व्याख्यानानंतर चहा-बिस्किटें पुढें आलीं, आणि रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य ओढवलें. त्या चहाच्या पेल्यानें पुण्यांत जेवढें वादळ उठविलें, तेवढें मिशनच्या साऱ्या प्रवचनांनींही उठविलें नसेल.

परंतु परंपरेचा खरा प्रश्न विचारला तो पंडिता रमाबाईंनीं. १८८३ च्या सप्टेंबरांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच काळांत आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशीं त्यांचा पत्रव्यवहारांत खटका उडाला. वाद पुष्कळ गोष्टींवर होता, त्यांतली एक क्रूसावरील अक्षरांची. तीं लॅटिन असावींत असा प्रघात. रमाबाईंनीं विचारलें, लॅटिनमध्यें असें काय आहे कीं जें संस्कृतांत नाहीं? संस्कृत देववाणी म्हणून नव्हे, तर आपल्या देशाची प्राचीन व सुंदर भाषा म्हणून त्यांना ती हवी होती. भगिनींना हा हट्ट, किंबहुना अहंकार वाटला.

वस्तुतः अँग्लिकन परंपरेच्याच कसोटीवर रमाबाईंची बाजू बळकट होती. १५४९ सालीं क्रॅन्मरनें लॅटिन बाजूस सारून इंग्रजी प्रार्थनासंग्रह सिद्ध केला तो याच आग्रहानें. लोकांना न समजणाऱ्या भाषेंत सार्वजनिक प्रार्थना करूं नये, हें त्या मंडळीच्या एकूणचाळीस कलमांपैकीं चोविसावें कलम आहे. पण जो मनुष्य एकदां रूढि मोडून नवी घालतो, त्याच्या नातवांना ती नवी रूढि सनातन वाटूं लागते. हा दोष एकट्या इंग्रजांचा आहे असें कोणत्याही देवळाच्या पुजाऱ्यानें म्हणूं नये.

प्रार्थनासंग्रहाचें मराठी भाषांतर झालें आणि पुणें, नाशिक, अहमदनगर या भागांतील कुटुंबांच्या तोंडीं तें बसलें. त्याची वाक्यरचना पुष्कळदां इंग्रजीच्या अंगानें चालते, हें कबूल केलें पाहिजे. ही उणीव भरून काढली ती दुसऱ्याच घरच्या माणसानें. नारायण वामन टिळक हे अमेरिकन मिशनचे, अँग्लिकन नव्हत. पण ओवी-अभंगांच्या घाटाचीं त्यांचीं पदें पंथांचें कुंपण ओलांडून सगळीकडे गेलीं.

२९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. तींत सहा पंथ मिळाले, आणि अँग्लिकन हें स्वतंत्र नांव या प्रांतांतून नाहींसें झालें. टिळकांची मंडळी व गोऱ्यांची मंडळी कागदोपत्रींही एक झाली. कांहीं जुन्या मंडळींना हा आपल्या वंशाचा लोप वाटला. त्यांचें दुःख खोटें नव्हे, कारण तीन पिढ्या ज्या शब्दांनीं मेलेल्यांना मूठमाती दिली, ते शब्द बदलणें सोपें नसतें. तरी बिशप राहिले, वेदी राहिली, मराठी प्रार्थना राहिली. गेलें तें इंग्लंडचें नांव.

इकडे खुद्द इंग्लंडांत नांव आहे, इमारती आहेत, पण माणसें ओसरलीं. १९६८ सालीं रविवारच्या उपासनेस तेथें सुमारें १६ लाख लोक जात. २०१९ पर्यंत तो आंकडा ७ लाखांच्या आसपास आला. जुनी भाषा सोडून १९८० सालीं नवा उपासनाग्रंथ काढला, १९९४ सालीं स्त्रियांना पौरोहित्य दिलें. एका पक्षाचें म्हणणें, जुनें सोडलें म्हणून लोक गेले. दुसऱ्याचें, वेळेवर सोडलें नाहीं म्हणून गेले. दोघेही एकाच ओहोटीकडे बोट दाखवितात, आणि ओहोटी दोघांचेंही ऐकत नाहीं.

पांच हौदांच्या चर्चला लागून जो उंच मनोरा आहे, त्यांत इंग्लंडांत ओतविलेल्या आठ घंटा आहेत. इंग्रजी रीतीनें त्या वाजविणें म्हणजे एका माणसानें गाणें वाजविणें नव्हे. प्रत्येक घंटेला निराळा दोर, प्रत्येक दोराला निराळा माणूस. एकामागून एक ठोका पडावयाचा, आणि दर फेरींत क्रम थोडा बदलावयाचा. शेजाऱ्याच्या हाताकडे लक्ष ठेवल्याशिवाय आपला दोर ओढतां येत नाहीं. ही विद्या पुस्तकांतून फारशी येत नाहीं, मनोऱ्यांत उभें राहूनच येते. संगमरवरी पाटी एकदां बसविली कीं तिला कोणाची गरज लागत नाहीं. या आठ घंटांना मात्र दर खेपेस आठ माणसें लागतात.